फिश टँकचे सामान : आधी पाणी पाहा, मग माल निवडा

घरात काचेच्या टाकीत रंगीत मासे ठेवण्याची हौस आता मोठ्या बंगल्यांपुरती राहिलेली नाही. दवाखान्यात, सलूनमध्ये, हॉटेलच्या गल्ल्याशेजारी आणि दोन खोल्यांच्या घरातही टाकी दिसते. या हौसेवर बरेच हात चालतात. काच कापणारा, स्टँड करणारा वेल्डर, झाकण व पेटी करणारा सुतार, दिवा बसवणारा इलेक्ट्रिशियन आणि मासे व सामान विकणारा दुकानदार, या सगळ्यांना त्यात काम आहे. आपल्या समाजातील अनेक तरुण ही कामे पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. म्हणून आजच्या लेखात गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीचे सामान कसे निवडावे, याचा विचार करू.

या धंद्यात नव्याने उतरलेल्यांकडून आम्ही एक तक्रार वारंवार ऐकतो. टाकी विकली जाते, पण गिऱ्हाईक परत येत नाही. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मासे मरतात. घरची मुले रडतात, घरातले कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते दुकानदाराने आजारी मासे दिले. टाकी माळ्यावर जाते. पुढे त्या घरातून खाद्याची पुडीसुद्धा विकत घेतली जात नाही. दुकानदाराला एका दिवसाचा नफा मिळाला, पण कित्येक वर्षांचे गिऱ्हाईक गेले.

यात दोष बहुधा माशांचा नसतो. सामान आणि पाणी यांचा मेळ बसलेला नसतो. मुंबईच्या बाजारात जे सामान चालते तेच आपण जसेच्या तसे आणतो. छत्रपती संभाजीनगरची (औरंगाबादची) परिस्थिती निराळी आहे. येथे नळाचे पाणी रोज येत नाही, बोअरचे पाणी जड असते, उन्हाळा कडक आणि कोरडा असतो आणि वीज अधूनमधून जाते. या चार गोष्टी समोर ठेवून सामान निवडले तर ते कमी लागते, स्वस्त पडते आणि मासे जगतात.

पाणचक्कीचा हौद काय सांगतो

शहरातल्या पाणचक्कीचा हौद आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. त्यातले मासे पाहायला लहानपणी आपणही उभे राहिलो आहोत. त्या हौदाला विजेचा पंप नाही की बाजारातला फिल्टर नाही. डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नळातून आणून, त्याच्याच दाबाने वर चढवून उंचावरून हौदात सोडण्याची ती व्यवस्था आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरासाठी नहरी बांधल्या, त्याच विद्येचा हा पुढचा नमुना होय.

पाणी उंचावरून पडते तेव्हा ते हवा घेऊन पडते. हौद लांब-रुंद असल्याने पाण्याचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणजे हवा पाण्यात मिसळायला जागा मिळते. पाणी साचून राहत नाही, जुने जाते आणि नवे येते. आणि त्या हौदाच्या तळाखाली प्रशस्त दालन आहे. सगळ्या पाण्याचे वजन त्या दालनाच्या भक्कम खांबांवर तोललेले आहे.

घरातील टाकीलाही याच चार गोष्टी लागतात : मोठा पृष्ठभाग, हालते पाणी, थोडे-थोडे नवे पाणी आणि वजन पेलणारा पाया. दुकानात दिसणारी प्रत्येक वस्तू यांपैकी कोणते काम करते हे आधी विचारावे. कोणतेच काम करत नसेल तर ती वस्तू शोभेची आहे. ती विकायला हरकत नाही, पण शोभेची म्हणूनच विकावी.

पहिली वस्तू : पाण्याचा ड्रम

फिश टँकच्या यादीत ड्रम कोणी लिहीत नाही. आमच्या मते येथे तो सर्वांत वर असावा. शहराला जायकवाडीच्या नाथसागरातून पाणी येते आणि नळाला ते काही दिवसांच्या अंतराने मिळण्याची सवय येथील लोकांना अनेक वर्षांपासून आहे. टाकीतले थोडे पाणी मात्र दर आठवड्याला बदलावे लागते. म्हणजे माशांसाठी वेगळे पाणी साठवणे आलेच. ५० ते १०० लिटरचा झाकणाचा स्वच्छ ड्रम पुरतो.

औद्योगिक वसाहतीतून येणारे केमिकलचे जुने ड्रम स्वस्त मिळतात, ते मात्र या कामाला घेऊ नयेत. कितीही धुतले तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेला अंश पाण्यात उतरण्याचा धोका राहतो.

नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. ते माशांच्या कल्ल्यांना जाळते आणि फिल्टरमधील उपयोगी जिवाणूही मारते. पाणी ड्रममध्ये उघडे ठेवून त्यात हवेचा दगड २४ तास चालवला की क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरावे. जुन्या फोटो स्टुडिओत वापरत तो हायपो हाच. दुकानात तो 'अँटिक्लोरीन' नावाने मिळतो. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घालू नये.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण ते जड असते. साबणाला फेस येत नाही आणि कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, यावरून हे घरच्या बायकांना आपल्याआधी माहीत असते. या पाण्याला घाबरण्याचे कारण नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे मासे जड पाण्यात चांगले राहतात. डास कमी करण्यासाठी विहिरीत आणि हौदात सोडतात तेच हे गप्पी. नियॉन टेट्रा आणि डिस्कस यांना मात्र मऊ पाणी मानवते. नव्या गिऱ्हाईकाला ते मासे देऊन वर पाणी मऊ करण्याची औषधे विकणे म्हणजे त्याला दोनदा खर्चात घालणे होय. मासा पाण्याप्रमाणे निवडावा. माशासाठी पाणी बदलत बसू नये. आर.ओ.चे निव्वळ पाणीही भरू नये, कारण त्यात माशांना लागणारे क्षारही जवळपास राहत नाहीत.

टाकी : उंची की रुंदी

काचेचा गोल बोल दिसायला सुंदर असतो. पण त्यात जेमतेम चार-पाच लिटर पाणी मावते आणि वर तोंड निमुळते. गोल्डफिशसारखा मोठा होणारा आणि घाण जास्त करणारा मासा त्यात ठेवणे म्हणजे त्याला हळूहळू मारणे आहे. पाणी जितके कमी तितकी घाण लवकर साठते आणि तापमान लवकर बदलते. म्हणून नवख्याला छोटी टाकी सोपी जाते हा समज उलटा आहे. मोठी टाकीच सोपी जाते.

टाकीत किती लिटर पाणी मावेल हे काढण्याची सोपी रीत अशी : लांबी, रुंदी आणि उंची इंचात मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला ६१ ने भागावे. २४ × १२ × १२ इंचाच्या टाकीत सुमारे ५७ लिटर येतात. पहिल्या टाकीसाठी याहून लहान माप घेऊ नये.

आता काच कापणाऱ्या भावांनी पुढचा हिशेब ध्यानात घ्यावा. गिऱ्हाईक जरा मोठी टाकी मागते तेव्हा आपण सवयीने उंची वाढवतो. २४ × १२ × १५ इंचाच्या टाकीला तळ, पुढची-मागची बाजू आणि दोन्ही कडा मिळून सुमारे साडेनऊ चौरस फूट काच लागते. पाणी मावते सुमारे ७१ लिटर. आता उंची १२ इंचच ठेवून रुंदी १५ इंच करा, म्हणजे माप २४ × १५ × १२. काच लागते सुमारे नऊ चौरस फूट आणि पाणी मावते तेवढेच, ७१ लिटर. काच अर्धा चौरस फूट वाचली. वर पाण्याचा पृष्ठभाग दोन चौरस फुटांऐवजी अडीच चौरस फूट झाला, म्हणजे हवा जास्त मिळाली.

तिसरा फायदा काचेच्या जाडीचा. काचेवरचा पाण्याचा दाब उंचीबरोबर वाढतो. १२ इंच उंचीच्या दोन फुटी टाकीला ५ मि.मी. काच चालते, १५ इंच उंचीला ६ मि.मी. घ्यावी लागते. ३६ × १५ × १८ इंचाची टाकी करायची तर ८ मि.मी. काच आणि वरच्या कडेला आधारपट्टी हवी. एखादा गिऱ्हाईक पैसे कमी करा म्हणून अडून बसला तर टाकी लहान करून द्यावी, काच पातळ करून देऊ नये. फुटलेल्या टाकीचे पाणी खालच्या मजल्यावर जाते आणि बदनामी सगळ्या गल्लीत फिरते.

सिलिकॉन आणि चाचणी

जोडासाठी सिरक्यासारखा वास येणारे, मत्स्यालयासाठी चालते असे स्पष्ट लिहिलेले सिलिकॉन घ्यावे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारे औषध मिसळलेले असू शकते, ते माशांना विष ठरते. काचेच्या कडा घासून घ्याव्यात, जोडाची जागा स्पिरिटने पुसावी आणि मगच सिलिकॉन भरावे.

सिलिकॉनबद्दल एक गोष्ट पुष्कळ कारागिरांच्या लक्षात येत नाही. हे सिलिकॉन ऊन लागून वाळत नाही, हवेतला ओलावा घेऊन पक्के होते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आपल्याकडे हवा अगदी कोरडी असते, तेव्हा ते लवकर होण्याऐवजी उशिरा पक्के होते. वरून कडक लागते, आत कच्चे राहते. उन्हात ठेवून घाई केलेली टाकी महिन्याभराने गळते याचे हे एक कारण आहे. टाकी सावलीत निदान आठवडाभर राहू द्यावी. मग काठोकाठ भरून ४८ तास कागदावर ठेवावी. कागद कोरडा राहिला तरच माल दुकानाबाहेर जावा. भरल्याची तारीख टाकीच्या तळाशी लिहून ठेवण्याची सवय लावली तर गिऱ्हाईकाचाही विश्वास बसतो.

स्टँड : वजन आधी मोजा

वरच्या २४ × १५ × १२ मापाच्या टाकीत सुमारे ६० लिटर पाणी, १० किलो खडी आणि १० किलोच्या आसपास काच धरली तर एकूण वजन ८० किलोच्या वर जाते. म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या स्टँडवर उभा आहे असे समजावे. टीव्हीचे टेबल किंवा भिंतीत ठोकलेली फळी या कामाची नाही.

वेल्डरने अँगल किंवा चौकोनी पाइपचा स्टँड करावा, वर पाऊण इंची प्लाय टाकावा आणि प्लायवर अर्धा इंच थर्माकोलची शीट ठेवावी. प्लायमध्ये बारीक उंचसखलपणा राहतो, तो थर्माकोल गिळतो. नाहीतर काचेवर एकाच ठिकाणी ताण येऊन तळ तडकतो. टाकी ठेवल्यावर पाणसळ लावून दोन्ही दिशांनी सरळ आहे का पाहावे. जागा खिडकीच्या उन्हापासून दूर, मीटरच्या पेटीपासून दूर आणि शक्यतो भिंतीलगत असावी. भरलेली टाकी कधीही हलवू नये.

फिल्टर : साध्या स्पंजाचे महत्त्व

नवखा गिऱ्हाईक फिल्टर म्हणजे पाणी गाळण्याची चाळणी समजतो. गाळणे हे त्याचे दुसरे काम. पहिले काम निराळे आहे. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही उपयोगी जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच कमी घातक असते आणि आठवड्याला पाणी बदलले की ताब्यात राहते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि खडीत घर करतात. त्यांची वस्ती पुरती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीतले मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात का मरतात, त्याचे उत्तर हे आहे.

आपल्या शहरात हा धोका अधिक आहे. पाणी जितके अल्कधर्मी आणि जितके गरम, तितका तोच अमोनिया जास्त विषारी होतो. आपले बोअरचे पाणी बहुधा तसे असते आणि उन्हाळ्यात ते तापतेही.

बाजारात फिल्टरचे अनेक प्रकार आहेत. पाण्यात बुडवायचा पंपवाला फिल्टर, टाकीच्या काठावर टांगायचा फिल्टर, टाकीखाली ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर, खडीखाली अंथरायची जाळी आणि हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. पहिल्या टाकीसाठी आम्ही स्पंज फिल्टरची शिफारस करतो. तो सर्वांत स्वस्त आहे, त्यात बिघडण्यासारखे काही नाही, लहान पिले त्यात ओढली जात नाहीत आणि त्याचा पंप जेमतेम चार-पाच वॉट वीज खातो. शिवाय बुडबुडे वर येताना पृष्ठभाग हलत राहतो, म्हणजे हवेसाठी वेगळे यंत्र लागत नाही.

पंपवाला फिल्टरच हवा असेल तर ताशी प्रवाह टाकीतल्या पाण्याच्या चार ते पाच पट पाहावा. ६० लिटरला ताशी २४० ते ३०० लिटर पुरे. डब्यावर लिहिलेला आकडा कोऱ्या पंपाचा असतो, स्पंज बसवल्यावर आणि घाण साठल्यावर तो कमी होतो. मोठा पंप चांगला असे समजून दुप्पट ताकदीचा देऊ नये. गप्पीसारखे मासे प्रवाहाशी झुंजून थकतात.

स्पंज कसा धुवायचा हे गिऱ्हाईकाला हाताने करून दाखवावे. नळाखाली धरून साबण लावून धुतला की सगळे जिवाणू मेले आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आली. टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात दोनदा पिळावा, इतके बस.

वीज गेली तर

हवेचा पंप टाकीपेक्षा खाली ठेवला असेल आणि वीज गेली तर नळीतून पाणी उलटे पंपात उतरते आणि मग जमिनीवर. एकदा सुरू झालेला सायफन आपोआप थांबत नाही. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, किंवा नळीत उलट पाणी रोखणारा छोटा वॉल्व्ह बसवावा. ही दुकानातली अगदी स्वस्त वस्तू आहे. ती गिऱ्हाईकाने न मागताही द्यावी.

वीज चार-सहा तास गेली तर कॅनिस्टरच्या बंद डब्यात हवा संपून जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर तेच घाण पाणी टाकीत येते. स्पंज उघड्या टाकीत असल्याने त्याला हा धोका फार कमी. बॅटरीवर किंवा मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारे छोटे हवेचे पंपही मिळतात, एक जवळ ठेवावा. तोही नसेल तर तांब्याने टाकीतलेच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतत राहावे. पाणचक्कीत पाणी हेच काम करते.

विजेच्या सुरक्षिततेबाबत तडजोड नको. टाकीतून येणारी प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली झोल घेऊन मग वर जावी. वायरवरून ओघळणारे पाणी त्या झोलापाशी खाली टपकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. अर्थिंग असलेला बोर्ड वापरावा आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी बटणे बंद करावीत.

हिटर आणि उन्हाळा

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगलीच थंडी पडते. उष्ण प्रदेशातील माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. त्या दोन महिन्यांसाठी थर्मोस्टॅट असलेला हिटर हवा. हिशेब लिटरला एक वॉट, म्हणजे ६० लिटरला ५० वॉटचा पुरतो. १०० वॉटचा देऊ नये. थर्मोस्टॅट अडकला तर मोठा हिटर काही तासांत टाकी उकडून काढतो. साधा थर्मामीटर मात्र बारा महिने लावलेला असावा. पाणी काढण्यापूर्वी हिटर बंद करून काही वेळ गार होऊ द्यावा, नाहीतर काच तडकते.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. पाणी तापले की त्यात हवा कमी मावते. यावर महागडे यंत्र लागत नाही. झाकण काढून वर जाळी टाकावी आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ द्यावा. माठ आणि कूलर ज्या रीतीने गार होतात त्याच रीतीने टाकी दोन-तीन अंशांनी गार होते. आपल्या कोरड्या हवेत हा उपाय मुंबईपेक्षा चांगला चालतो. पाणी मात्र लवकर उडते. उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून वर भरताना आर.ओ.चे किंवा साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणी थोडे घालावे आणि आठवड्याचा बदल चुकवू नये.

दिवा, खडी आणि किरकोळ सामान

दहा वॉटच्या आसपासचा पांढरा एल.ई.डी. दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरतो. जास्त वेळ ठेवला की काचेवर हिरवे शेवाळ चढते. गुलाबी-निळ्या दिव्याखाली मासे दुकानात जास्त रंगीत दिसतात. घरी पांढऱ्या दिव्याखाली तोच मासा फिका दिसला की गिऱ्हाईकाला फसवल्यासारखे वाटते. मासा साध्या उजेडात दाखवून विकावा.

खडी नदीची, गोल आणि धुतलेली असावी, इंच-दीड इंच थर पुरे. संगमरवराचे तुकडे सुंदर दिसतात, पण ते पाण्यात विरघळून आधीच जड असलेले पाणी आणखी जड करतात. ओळखायची खूण सोपी : दगडावर सिरका किंवा लिंबू पिळावे, फेस आला तर तो दगड टाकीत घालू नये. रंगीत खडी एक रात्र पांढऱ्या भांड्यात भिजवून रंग सुटतो का पाहावे.

याशिवाय तळाची घाण ओढणारी सायफनची नळी, एक वेगळी बादली, माशांची जाळी आणि अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे किट एवढेच लागते. शिंपले उघडझाप करणारी खेळणी, यू.व्ही. दिवा, कार्बन डायऑक्साइडची बाटली हे पहिल्या टाकीच्या यादीत नको.

महिन्याच्या विजेचा हिशेबही गिऱ्हाईकाला सांगावा. चार वॉटचा पंप २४ तास आणि दहा वॉटचा दिवा आठ तास धरला तर महिन्याला साडेपाच युनिटच्या आत खर्च होतो. थंडीत ५० वॉटचा हिटर दिवसातून बारा तास चालला तर त्या महिन्यात १८ युनिट वाढतात.

दुकानदाराचे खरे भांडवल

आता मुख्य मुद्दा. वरचे सगळे सामान बरोबर दिले आणि त्याच संध्याकाळी पंधरा मासे पिशवीत बांधून दिले, तर सामानाचा काही उपयोग नाही. जिवाणूंची वस्ती अजून झालेलीच नसते. गिऱ्हाईक म्हणेल, "भाई, रिकामी टाकी घरी नेऊन करू काय? पोरं वाट बघत बसलीत." तेव्हा सांगावे, "चाचा, टाकी आज न्या, पाणी भरून पंप चालू करा. पोरांना घेऊन पुढच्या शुक्रवारी या, मासे त्यांच्याच पसंतीने देतो." पहिल्या वेळी चार-पाच गप्पीच द्यावेत. पाणी तपासून अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू लागल्यावर हळूहळू वाढवावेत.

ही मुदत कमी करण्याची एक सचोटीची रीत दुकानदाराच्या हाती आहे. दुकानातल्या निरोगी टाक्यांत नेहमी चार-सहा जादा स्पंज फिल्टर चालू ठेवावेत. नवी टाकी विकली की त्यासोबत कोरा स्पंज न देता महिना-दीड महिना चाललेला स्पंज ओल्या पिशवीत द्यावा आणि त्याच्या जागी कोरा लावावा. जिवाणूंची तयार वस्ती गिऱ्हाईकाच्या घरी जाते. घरी पोहोचताच तो टाकीत लागला पाहिजे आणि त्याच दिवशी थोडे मासेही हवेत, कारण खाद्य मिळाले नाही तर ही वस्ती ओसरते. अशा गिऱ्हाईकाला पहिले चार-पाच गप्पी सोबतच द्यावेत. आजारी टाकीतला स्पंज मात्र कधीही देऊ नये. या वस्तूला दुकानदाराला वेगळा खर्च जवळजवळ नाही, आणि ती डब्यात बंद करून विकताही येत नाही. दूरवरून माल पाठवणारा ती देऊ शकत नाही. शेजारचा दुकानदारच देऊ शकतो.

बिलामागे चार ओळी छापून घ्याव्यात : आठवड्याला पाव भाग पाणी बदला, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्या, शंका आली तर मासे मरण्याआधी या. महिन्यातून एकदा घरी जाऊन टाकी साफ करून देण्याचे काम ठरवून घेतले तर दुकानातल्या मुलाला बांधलेली कमाई मिळते. टाकी विकण्यापेक्षा ती चालवून देण्यात कायमचा धंदा आहे.

मालातला दोष झाकून तो विकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. येथे माल जिवंत आहे आणि तो तक्रार करू शकत नाही. म्हणून कोणत्या पाण्यात कोणता मासा जगेल, किती जगतील आणि कधी सोडायचे, हे सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर अधिक येते. ज्या गिऱ्हाईकाचे मासे सहा महिन्यांनी पिले देतात, तो स्वतः येतो आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतो. काच कापणाऱ्यापासून दुकानदारापर्यंत सर्वांना दुसऱ्या टाकीचे काम तेथून मिळते.